पारबता छापून येईना

सत्कार आधी झाला आणि पुस्तक मागे राहिलं, सगळा घोळ इथेच झाला.

साधना कापगतेला तो दिवस आठवला की अजून कान गरम होत. पुण्याच्या एका प्रकाशनाची मेल आली होती की तुमची कादंबरी आम्ही प्रकाशनासाठी स्वीकारत आहोत. साकोलीत हायवेला लागून त्यांचं कृषी केंद्र होतं. तिथे खताच्या पोत्यांमागे ठेवलेल्या संगणकावर तिने ती मेल वाचली, पुन्हा वाचली, आणि काउंटरवर बसलेल्या नवऱ्याला हाक मारून दाखवली. हीच चूक झाली. भुपेंद्र मनाचा चांगला, पण त्याच्या पोटात काही राहत नसे. दुपारच्या जेवणाआधी बातमी समाजाच्या ग्रुपवर गेली, संध्याकाळी अभिनंदनाचे फोन सुरू झाले, आणि महिना व्हायच्या आत समाज मंडळाने सभागृहात तिचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ आणि काचेचं एक स्मृतिचिन्ह. त्यावर सोनेरी अक्षरांत ‘सुप्रसिद्ध कादंबरीकार सौ. साधनाताई कापगते’ असं लिहिलेलं. बोलायला उठलेल्या प्रत्येकाने पुस्तकाची तारीफ केली. एकाने तर त्यातल्या भाषेचीही केली.

त्यानंतर एक दिवाळी येऊन गेली, दुसरी जवळ आली, आणि पुस्तकाचा पत्ता नव्हता.

कादंबरीचं नाव होतं ‘पाण्याखालचं वावर’. ती पारबता नावाच्या एका बाईची गोष्ट होती. बापाच्या जमिनीत भाऊ पाय ठेवू देत नाही म्हणून ही बाई उन्हाळ्यात गावतलावाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात पेरते, आणि पाऊस लागला की तिचं वावर पुन्हा पाण्याखाली जातं. साधनाने ती दुकानातच लिहिली होती, बिलं करता करता. कोणी युरिया मागितला की पारबताला तिथेच सोडून उठायचं, पावती फाडायची, परत येऊन बसायचं. चार-पाच वर्षं अशी गेली. पण ती वर्षं जड वाटली नव्हती. जड वाटत होतं ते आता, काही न करता नुसतं थांबणं.

पुण्याहून कारणं येत गेली. आधी कागद महागला. मग मुखपृष्ठ काढणारा चित्रकार आजारी पडला. मग कादंबरी ‘पुढच्या संचात’ गेली. ज्या संपादकबाईंनी मोठी मेल लिहून ‘शेवट फार हृद्य आहे’ असं कळवलं होतं, त्या नोकरी सोडून गेल्या. त्यांच्या जागी फोन उचलणारी मुलगी प्रत्येक वेळी विचारायची, “कोण साधना?” नंतर नंतर तर फोन नुसताच वाजत राहायचा.

इकडे लोक विसरायला तयार नव्हते. धानावर तुडतुडा पडला की दुकानात गर्दी होई, आणि त्या गर्दीतही कोणीतरी विचारेच.

“मॅडम, ते औषध द्या, मागच्या साली देलं होतं ते,” ताराचंदभाऊ म्हणाले. जवळच्याच गावचे ते, जुने गिऱ्हाईक. “अन् पुस्तक आलं का?”

“नाही आलं, भाऊ.”

“मागच्या खेपेलेबी तुमी असंच म्हनलं होतं.”

“मागच्या खेपेलेही आलं नव्हतं.”

ताराचंदभाऊंनी सहानुभूतीने मान हलवली. एखाद्याची म्हैस आटली असं कळल्यावर हलवावी तशी. साधनाने औषधाची बाटली जरा जोरातच काउंटरवर ठेवली.

जाऊ हर्षाला वेगळीच शंका होती. “बाई, आजकाल मोबाईलवर लय फसवतेत. तुमी त्याईले ओटीपी त नाही न देला?” ती हे मनापासून, काळजीने विचारत होती, म्हणून तिच्यावर रागावताही येत नव्हतं. आणि सासू कुंताबाई एके दिवशी वाल सोलता सोलता म्हणाल्या, “का व साधना, तुह्यं पुस्तक छापाले इतका टाइम काहून लागून रायला? हर्षीच्या लग्नाच्या पत्रिका त तिसऱ्या दिवशी हातात भेटल्या होत्या.”

“आई, पुस्तक अन् पत्रिका एकच नसते.”

“छापतेत त तसंच न? मशिनीवर?”

साधना उठून आत गेली.

भुपेंद्रने त्यातूनच एक उपाय काढला. पत्रिका छापणाऱ्या प्रेसवाल्याशी तो बोलून आला. “तो छापून देतो म्हनते,” जेवताना त्याने सांगितलं. “रंगीत कव्हर टाकून. कायले पुण्याच्या लोकांच्या मागं लागतं? लोकांले पुस्तक पाहिजे, पुस्तक भेटन.”

“बिलबुकं छापते तो.”

“मंग काय झालं? अक्षरंच न तेबी?”

साधनाने ताट सरकवलं. तिला जे म्हणायचं होतं ते धड शब्दांत येत नव्हतं, आणि जिने सव्वादोनशे पानं लिहिली तिला हे एक वाक्य जमू नये याचाच तिला जास्त राग आला. “मले पुस्तक नाही पाहिजे जी,” ती शेवटी म्हणाली. “मले असं पाहिजे का मले न ओळखणाऱ्या एखाद्या माणसानं ते वाचावं, अन् त्याले वाटावं, हे छापलं पाहिजे. तुम्ही छापलं त तुम्ही माह्यासाठी छापलं. त्याच्यानं मले काय समजणार?”

भुपेंद्रला ते कितपत कळलं कोण जाणे. त्याने तिचं ताट परत तिच्यासमोर सरकवलं.

खरी गोष्ट अशी होती की तिचा स्वतःवरचाच भरवसा उडत चालला होता. कधी दुकानात सामसूम असली की ती फाइल उघडे. एके दिवशी पहिलं पान वाचून वाटे, हे बरोबर आहे, हे असंच पाहिजे. दुसऱ्या दिवशी तेच पान वाचून वाटे, यात आहे काय? पुण्याच्या लोकांनी खरंच वाचलं होतं का? की पहिली दहा पानं आणि शेवटची पाच वाचून ‘हृद्य’ म्हणून टाकलं? विचारायचं तरी कोणाला.

आणि मग एके दुपारी दुकानासमोर एक स्कूटी थांबली. चाळिशीची, उंच, मोठ्या आवाजाची बाई आत आली आणि भुपेंद्रला बाजूला सारून सरळ पोत्यांमागे साधनाजवळ आली.

“साधनाताई तुमीच न? मी शुभांगी डोंगरवार. लक्ष्मणरावांची घरवाली. तुमची पारबता वाचली मी.”

लक्ष्मणराव डोंगरवार म्हणजे नाटक कंपनीचे मालक. दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरे, तिथे त्यांची नाटकं लागत, रात्रभर चालत, आणि बायाबापड्या चटया घेऊन पाहायला जात. शुभांगी त्यांच्याच कंपनीत काम करायची, हे साधनाला माहीत होतं. पण तिने कादंबरी कशी वाचली? साधनाने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. भुपेंद्र बियाण्याची पाकिटं मोजायला लागला.

“लक्ष्मणरावांनी मांगली त देली,” तो खाली पाहूनच म्हणाला. “प्रिंट काढून. कोणी वाचून त पाहन म्हणून.”

साधना ताडकन उठली. पण समोरची बाई रागवायला जागा देईना. तिने प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि बसली.

“तुमी त्याईले मंग बोला. आधी माहं ऐका. आमचे हे पन्नास पानं वाचून झोपले. मी पूर्ण वाचली. दोनदा. ताई, मले पारबता कराची आहे.”

“कराची म्हणजे?”

“नाटकात. स्टेजवर. वीस वर्षं झाली मले या लाइनीत. आधी हिरोइन केली, मंग वहिनी, आता सात-आठ सालापासून नुसती आई करून रायली. खोकलाची, पोराच्या गळ्यात पडाची, मराची. कंटाळली मी मरून मरून. तुमची बाई मरत नाही. नाटकवाला लेखक बायकोच्या वयाच्या बाईले असा रोल लिहीत नाही.”

कोणीतरी वाचली होती. पूर्ण. दोनदा. ज्या माणसाची ती पुण्यात वाट पाहत होती, ते माणूस स्कूटीवर बसून साकोलीतच फिरत होतं. साधना परत खुर्चीवर टेकली, आणि नेमकं त्याच वेळी शुभांगी म्हणाली, “फक्त शेवट खोटा आहे.”

“कोणता?”

“शेवटी भाऊ आजारी पडते, अन् ती त्याले माफ करून आपल्या घरी आणते. नाही आणणार. मी नसतं आणलं.”

“पुण्याच्या बाईंना तोच भाग आवडला,” साधना फटकन म्हणाली.

“आवडन न. त्याईले कुठं त्याच्याजवळ राहाचं होतं?”

त्या दिवशी साधना तिच्याशी गोड बोलली नाही. पुस्तक आल्याशिवाय नाटक नाही, असं सांगून तिने तिला वाटेला लावलं, मग भुपेंद्रशी दोन दिवस बोलली नाही. पण तिसऱ्या दिवशी तिने विचार केला. पुस्तक येत नाही तर नाटक तरी का अडवायचं? पुण्याशी करार झाला होता, त्यात नाटकाबद्दलही काहीतरी होतं, म्हणून विचारलेलं बरं. तिने शुभांगीला थोडं थांबायला कळवलं आणि पुण्याला मेल लिहिली, कादंबरीवर इथली एक कंपनी नाटक करू इच्छिते, आपली हरकत नाही ना.

कित्येक महिने जो फोन उचलला जात नव्हता, तिथूनच त्याच दुपारी फोन आला. स्वतः प्रकाशनाच्या मालकांचा.

“साधनाताई, नमस्कार. मेल वाचली. अभिनंदन. फक्त एक लक्षात आणून द्यायचं होतं, नाट्यरूपांतराचे हक्क करारानुसार आमच्याकडे आहेत. तेव्हा त्या कंपनीला परस्पर काही कळवू नका. आम्हीच बोलू त्यांच्याशी.”

“बरं सर,” साधना म्हणाली. “आणि पुस्तक कधी येते?”

“त्यावर आपण सविस्तर बोलू. सध्या कादंबऱ्यांना उठाव नाही हो. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं काढतोय आम्ही. पण नाटक झालं तर बघा, नाटकाच्या निमित्ताने पुस्तकही काढता येईल.”

“सर, तुम्ही ती वाचली आहे का?”

“आमच्या संपादकांनी वाचली होती. उत्तम अभिप्राय होता.”

“त्या बाई त नोकरी सोडून गेल्या.”

“हो. पण अभिप्राय आहे ना फाइलला.”

साधना आयुष्यात कोणावर मोठ्याने ओरडली नव्हती. त्या दिवशीही ओरडली नाही. आवाज फक्त बारीक झाला, आणि दुकानात उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांनी बोलणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. “सर, माझी कादंबरी मला परत द्या,” ती म्हणाली. “करारात लिहिलं आहे, मुदतीत छापली नाही तर परत मागता येते. मुदत होऊन गेली. मी लेखी पाठवते.”

“ताई, भावनेच्या भरात निर्णय घेऊ नका. नवीन लेखकाला संधी मिळत नाही सहसा.”

“मला तरी कुठे मिळाली, सर?”

फोन ठेवल्यावर ती लिहायला बसली. तिने रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवलं. उत्तर नाही. दुसरं पाठवलं. मग मेल. आता त्यांना परत द्यायलाही वेळ नव्हता. इकडे शुभांगीचे फोन. तालमी सुरू व्हायच्या आहेत, मंडईची बुकिंगं येऊन राहिली, होय की नाही ते सांगा. साधना रोज सांगायची, आज येईल, उद्या येईल, आणि हे सांगताना आपल्याच तोंडून तिला पुण्याच्या त्या कारणांचा सूर ऐकू यायचा.

शेवटी एके दिवशी शुभांगीचा वेगळाच फोन आला. “ताई, लक्ष्मणरावांनी दुसरं नाटक घेतलं. थांबता येत नाही. सिझन निंगून जाईन.”

“तुमचा रोल?”

“आई,” शुभांगी म्हणाली. “पहिल्याच अंकात मरते. बरं आहे, लवकर झोपाले भेटन.” ती हसली, पण ते हसू फोनवरही खरं वाटलं नाही.

त्यानंतर आठवडाभरात पुण्याची मेल आली. ‘आपली कादंबरी आपणास परत करीत आहोत. पुढील लेखनास शुभेच्छा.’ बस. हीच मेल दुसरं नाटक ठरायच्या आधी आली असती, तर कोणाचं काय बिघडलं असतं? साधना कितीतरी वेळ त्या दोन ओळींकडे पाहत राहिली. मग घरी जाऊन तिने सगळ्यांना एकदाच सांगून टाकलं की पुस्तक येणार नाही, पुण्याने परत दिलं.

“परत देलं त मंग आता आपल्याजवळच आहे न?” कुंताबाईंनी विचारलं.

“आपल्याजवळच होतं, आई.”

“मंग परत काय देलं त्याईनं?”

साधनाने वालाच्या शेंगांचं टोपलं जवळ ओढलं आणि ती सोलायला बसली.

पुढचे काही दिवस तिने फाइल उघडली नाही. उघडली ती निव्वळ रागाने, शुभांगीला खोटं पाडायला. शेवटचं प्रकरण वाचायचं आणि ते बरोबर आहे याची खात्री करून घ्यायची, एवढंच ठरवून ती बसली. पारबता आजारी भावाच्या उशाशी बसते, डोळे पुसते, म्हणते, रक्ताचं नातं आहे, चल माझ्या घरी. वाचता वाचता साधना थांबली. ही पारबता नव्हतीच. ही सत्काराला बसलेली साधना होती, शाल पांघरून, सगळ्यांना बरं वाटावं म्हणून हसणारी. सव्वादोनशे पानं ज्या बाईने कोणाचं ऐकलं नाही ती शेवटच्या पाच पानांत अशी मऊ कशी झाली? आणि हे आपल्याला इतक्या वर्षांत दिसलं नाही. पुण्यालाही दिसलं नाही. दिसलं ते तिला, जिला रोल मिळाला नाही.

तिने ती पानं खोडली. पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. धान कापणीला आला तरी तिचं ते चालूच होतं. गिऱ्हाइकांना चुकीची बिलं गेली, भुपेंद्र ती चुपचाप दुरुस्त करत राहिला. शेवटी जे उरलं ते थोडं होतं. पारबता भावाच्या घरी जाते. त्याला पाणी पाजते. तो म्हणतो, बाई, माझं चुकलं. ती म्हणते, हो. थोडा वेळ बसते, मग म्हणते, उद्या पेराले जायचं आहे, आणि उठून जाते.

भाऊबीजेला साधना माहेरी बपेऱ्याला गेली. तिच्या भावाने, पिंटूने, ओवाळून झाल्यावर ताटात ओवाळणी टाकली आणि खाकरून विचारलं, “साधना, त्या कादंबरीतला भाऊ मी आहो का?”

“नाही रे.”

“लोकं म्हनून रायले.”

“कोणी वाचलीच नाही, त म्हणतेत कसे?”

“म्हनूनच त म्हनतेत,” पिंटू म्हणाला. त्याचं समाधान झालं नव्हतं.

गावची मंडई दुसऱ्या दिवशी होती आणि नाटक लक्ष्मणराव डोंगरवारांच्याच कंपनीचं होतं. कलाकारांना शाळेच्या खोल्यांत उतरवलं होतं. मंडईच्या दिवशी सकाळी साधना तिथे गेली. शुभांगी व्हरांड्यात केस वाळवत बसली होती. आजूबाजूला दोऱ्यांवर झगमगीत कपडे लटकले होते, कोणी दाढी करत होतं, मैदानात मंडप उभा होत होता. साधनाने नवीन शेवट तिला वाचून दाखवला. वाचताना मध्येच एक नट येऊन उभा राहिला, मग आणखी एक जण.

वाचून झालं. शुभांगीने केसांना गाठ मारली. “आता बरोबर आहे,” ती म्हणाली. “आता कोण छापन हे?”

“माहीत नाही. दोन ठिकाणी विचारलं. एकानं काही कळवलं नाही. नागपूरच्या प्रकाशकांनी म्हटलं, आधी एका पानात गोष्ट लिहून पाठवा, मंग पाहू. आठ दिवसांपासून ते एक पान लिहून रायली मी. होत नाही. जे सांगते ते खोटं वाटते. मले आता याचाच राग यायला लागला आहे. एवढं लिहा, मंग ते एका पानात सांगा, मंग वाट पाहा, मंग पुन्हा पहिल्यापासून.”

“सांग मले.”

साधना सांगू लागली. तलावापासून सुरुवात केली, गावातली जमीन कोणाकडे कशी आली ते सांगितलं, पारबताच्या आजीवर आली. शुभांगीने हात वर केला.

“थांब. गाडीवर माईक घेऊन आम्ही गावात फिरतो, तेव्हा कसं सांगतो, ऐक.” आणि तिने घसा साफ करून, पण हळू आवाजात, सांगितलं, “बापाच्या वावरातून भावानं हाकललं. ती तलावाच्या गाळात पेराले गेली. दरसाल पाऊस तिचं वावर बुडवते, दरसाल ती परत पेरते. एक दिवस तोच भाऊ तिच्या हातचं पाणी मांगते.”

उभ्या असलेल्या नटांपैकी एक म्हणाला, “मंग? देते का?”

साधनाचा चेहरा पडला. “एवढंच आहे का त्याच्यात?”

“एवढंच नाही. पन एवढं ऐकूनच कोणी आत येते, ताई. बाकीचं आत आल्यावर.”

तिला ते आवडलं नाही. त्यात तलाव नुसता नावापुरता होता, आजी नव्हती, जे लिहिताना तिची रात्रीची झोप उडाली होती त्यातलं काहीच नव्हतं. पण आठ दिवसांत तिला जमलेल्या सगळ्या पानांपेक्षा ते बरं होतं, हेही तिला कळत होतं, आणि म्हणून ती जास्तच चिडली. तिने शुभांगीकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं आणि मोबाईलवर लिहून काढलं. ‘हाकललं’ काढून ‘बेदखल केलं’ टाकलं. मग तेही काढून परत ‘हाकललं’ टाकलं. शुभांगी पाहत होती.

“पाठव न आता.”

“थांबा. खाली दोन ओळी माझ्या टाकते.”

“टाक. पन पाठव.”

मैदानात भोंग्यावर ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ सुरू झालं. शुभांगीला आतून हाक आली, आजच्या आईचं लुगडं सापडत नव्हतं. ती उठून गेली. साधना व्हरांड्याच्या पायरीवर बसून राहिली. पारबता आणि तिच्या तलावाबद्दलची एक ओळ तिने लिहिली, पुसली, पुन्हा लिहिली, आणि पुन्हा पुसावीशी वाटायच्या आत सगळं नागपूरला पाठवून दिलं. पाठवल्यावर लगेच दिसलं की पारबताच्या नावातच एक अक्षर चुकलं आहे. ती कपाळावर हात मारून तिथेच बसली, आणि मग दुरुस्त केलेली दुसरी मेल लिहायला लागली.